स्टुडिओ मॉनिटरमधून येणारी ‘घूं’ : चार्जर, अर्थिंग आणि चुकीची केबल

लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी आणि तिथून मॉनिटरला देणारी पेटी), पाच इंची दोन पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे आतच अॅम्प्लिफायर असलेले स्टुडिओचे स्पीकर, आणि एक माइक. घरच्या स्टुडिओचा आपल्याकडचा हा नेहमीचा संच. सगळं जोडून होतं, मॉनिटर चालू होतात आणि गाणं लावायच्या आधीच दोन्ही स्पीकरमधून अखंड घूं सुरू होते. घरी रेकॉर्डिंग करणारे गायक, पेटीवाले, गिटारवाले मला सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न विचारतात. विचारेपर्यंत अनेकांनी इंटरफेस बदललेला असतो, काहींनी मॉनिटरसुद्धा, आणि घूं मात्र होती तिथेच असते. ती बहुतेक वेळा कुठल्याच एका यंत्रात नसते. यंत्रं एकमेकांना आणि भिंतीतल्या अर्थिंगला ज्या वाटांनी जोडली गेली आहेत, त्या वाटांमध्ये ती तयार होते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी एकेक वायर काढून बघा. अर्ध्या तासात कारण सापडतं, आणि बऱ्याचदा उपायाला शंभर रुपयेही लागत नाहीत.

अर्थची पिन तोडू नका

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण हा सल्ला अजूनही फिरतो. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकली किंवा मध्ये टू-पिनचा अडॅप्टर घातला की घूं थांबते, हे खरं आहे. पण ती पिन यंत्राच्या धातूच्या पेटीला जमिनीशी जोडते. आत कधी फेजची वायर सुटून पेटीला टेकली, तर करंट त्या वाटेने जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. ती वाट तोडल्यावर उरलेली वाट म्हणजे माणूस. हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकच्या जाळीला टेकलेले, अशा अवस्थेत गाणाऱ्याच्या बाबतीत हा धोका कल्पनेतला नाही. घूं घालवण्याचे सुरक्षित उपाय आहेत. त्यासाठी अर्थिंगला हात लावायची गरज नाही.

आवाज नीट ऐका

सगळे नको असलेले आवाज एका जातीचे नसतात आणि उपायही एक नसतो. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. त्यामुळे विजेतून शिरलेली घूं ५०, १००, १५० हर्ट्झ अशा ठरलेल्या जागीच असते. पाच इंची स्पीकरमधून ५० हर्ट्झ क्षीण येतो, कानाला लागतो तो मुख्यतः १०० आणि त्यावरचा भाग. सुरांचा कान असलेल्यांना हे यंत्राशिवायही तपासता येतं. कीबोर्डवर खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे ९८ हर्ट्झचा जी, दाबून धरा. घूं तिच्यापेक्षा किंचित चढी लागली आणि काळी चारच्या, म्हणजे सुमारे १०४ हर्ट्झच्या, खाली राहिली तर ती विजेचीच. अमेरिकेत राहणाऱ्यांकडे वीज ६० हर्ट्झची असल्याने हीच घूं १२० वर, काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मध्ये सापडेल. कानावर भरवसा नसेल तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम अॅनलायझर लावा आणि मॉनिटरसमोर माइक धरा. ५० च्या पटीत उभे सुळके दिसतील.

माउस हलवला, पान सरकवलं किंवा प्रोजेक्ट उघडला की बदलणारी बारीक चिंचिं किंवा करकर ऐकू येत असेल, तर ती लॅपटॉपच्या आतल्या कामाची गळती आहे आणि ती यूएसबीच्या वायरीतून येते. घूं आणि चिंचिं अनेकदा जोडीने येतात, कारण त्यांची वाट एकच असते.

ट्वीटरला, म्हणजे मॉनिटरमधल्या उंच स्वरांच्या लहान स्पीकरला, कान लावल्यावर येणारी हलकी सूं वेगळी. प्रत्येक पॉवर्ड मॉनिटरच्या अॅम्प्लिफायरला थोडी सूं असतेच. बसायच्या जागेवरून ती ऐकू येत असेल, तर मॉनिटरच्या मागचं बटण पूर्ण चढवून इंटरफेसचा आवाज अगदी कमी ठेवलेला असतो. उलट करा. मॉनिटर मध्यावर ठेवा आणि इंटरफेस चढवा. सूं कमी होईल आणि संगीत तेवढंच राहील.

हेडफोनची परीक्षा

इंटरफेसला हेडफोन लावा. हेडफोनमध्ये पूर्ण शांतता आणि मॉनिटरमध्ये घूं, असं असेल तर तुमचं रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. बिघाड इंटरफेस ते मॉनिटर एवढ्याच टप्प्यात आहे. हे कळल्यावर निम्मी काळजी संपते. अनेक जण या घूंसाठी रेकॉर्डिंगवर नॉइज काढणारे प्लगइन लावतात आणि चांगल्या आवाजाची वाट लावतात, तर ती घूं त्या ट्रॅकमध्ये मुळात नसतेच.

दुसरी खूण इंटरफेसच्या आउटपुट बटणाची. ते शून्यावर आणूनही घूं तेवढीच राहिली, तर ती त्या बटणाच्या पुढे शिरते आहे. बटणासोबत कमी-जास्त होत असेल, तर ती आधीच, म्हणजे माइक, गिटार किंवा इनपुटमध्ये, आलेली आहे.

आता वायरी काढायच्या. दर वेळी आधी मॉनिटर बंद करा, मग केबल काढा किंवा लावा, मग मॉनिटर चालू करा. चालू मॉनिटरमध्ये जॅक घुसवला की बसणारा धक्का ट्वीटरला झेपेलच असं नाही.

पहिल्यांदा दोन्ही मॉनिटरच्या ऑडिओ केबल काढून नुसता वीजपुरवठा ठेवा. तरीही घूं असेल तर मॉनिटर स्वतः दोषी. ते प्रकरण शेवटी बघू. शांत झाला, तर ऑडिओ केबल लावा, पण इंटरफेसची यूएसबी काढून ठेवा. अजून शांत? आता यूएसबी लावा, पण लॅपटॉप बॅटरीवर चालवा. शेवटी चार्जर लावा. माझ्या अनुभवात बहुसंख्य घरांमध्ये घूं या शेवटच्या पायरीला परत येते.

चार्जर लावला की घूं का येते

मॉनिटर अर्थिंगला जोडलेले आहेत. थ्री-पिन चार्जरमुळे लॅपटॉपही अर्थिंगला जोडलेला आहे. लॅपटॉपपासून यूएसबीने इंटरफेस आणि इंटरफेसपासून ऑडिओ केबलच्या जाळीने (आतल्या वायरीभोवतीच्या तारांच्या वेष्टणाने) मॉनिटर, अशी त्याच दोन यंत्रांना जोडणारी दुसरी वाट तयार झाली. दोन वाटा मिळून एक वेढा पूर्ण होतो. चार्जर टेबलाखालच्या बोर्डात आणि मॉनिटर समोरच्या भिंतीच्या सॉकेटमध्ये असतील, तर त्या दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडासा विद्युतदाबाचा फरक असतो आणि त्या फरकामुळे वेढ्यातून, म्हणजे तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतूनही, करंट वाहतो.

फरक किती लहान असला तरी पुरतो, याचा अंदाज घ्या. घरगुती ऑडिओ यंत्रांचा ठरलेला सिग्नल साधारण ०.३१६ व्होल्ट असतो, व्यावसायिक यंत्रांचा १.२३ व्होल्ट. ०.३१६ व्होल्टच्या सिग्नलमध्ये अवघा १ मिलिव्होल्ट मिसळला, तर घूं संगीताच्या फक्त ५० डेसिबल खाली राहते. शांत खोलीत, गाणं थांबल्यावर, एवढी घूं स्पष्ट ऐकू येते.

ठाण्यातल्या एका गायक मित्राकडे चार्जर काढूनही घूं जात नव्हती. लॅपटॉपला मोठा पडदा हवा म्हणून त्याने एचडीएमआयने टीव्ही जोडला होता. त्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्सला केबलवाल्याची वायर, जी इमारतीभर फिरून आलेली. त्या जाड वायरीची जाळी म्हणजे घरात शिरलेली आणखी एक अर्थ. ती वायर बॉक्सपासून काढली आणि तत्क्षणी शांतता झाली. तुमच्याकडे टीव्हीच पडदा असेल, तर ही वायर सर्वांत आधी काढून बघा.

सगळं एका बोर्डावर

पहिला उपाय फुकटचा. दोन्ही मॉनिटर, चार्जर, इंटरफेसचा अडॅप्टर, कीबोर्ड अशी ऑडिओच्या वेढ्यातली सगळी यंत्रं एकाच चांगल्या थ्री-पिन एक्स्टेन्शन बोर्डावर आणि तो बोर्ड एकाच सॉकेटमध्ये लावा. सगळ्यांची अर्थ एका जागी आली की दाबाचा फरक जवळजवळ संपतो. एका सॉकेटवर एवढं चालेल का, अशी शंका येते. ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॉट देऊ शकतो. पाच इंची मॉनिटरची जोडी आणि लॅपटॉप मिळून त्याच्या जवळही जात नाहीत. फक्त त्या बोर्डावर इस्त्री, हीटर किंवा कूलर जोडू नका.

बोर्ड घेताना आत अर्थची पट्टी खरोखर आहे का, ते बघा. स्वस्तातल्या काही बोर्डांना तीन भोकं असतात, पण आत वायरी दोनच.

केबल बदला, तीही योग्य

खरा कायमचा उपाय इथे आहे. गिटारच्या साध्या केबलच्या जॅकवर एकच काळी कडी दिसते. तिला टीएस म्हणतात. आत सिग्नलची एक वायर आणि भोवती जाळी. जाळीतूनच सिग्नल परतही येतो, म्हणून जाळीत वाहणारा घूंचा करंट थेट संगीतात मिसळतो. जॅकवर दोन काळ्या कड्या असतील तर तो टीआरएस. त्यात सिग्नलच्या दोन वायरी, एक सरळ आणि एक उलट, आणि जाळी वेगळी. मॉनिटर त्या दोन वायरींमधला फरक तेवढा उचलतो. बाहेरून आलेली घूं दोन्ही वायरींवर सारखीच चढते, त्यामुळे वजाबाकीत ती नाहीशी होते. अशा जोडणीला बॅलन्स्ड म्हणतात, टीएससारख्या एका वायरीच्या जोडणीला अनबॅलन्स्ड. तीन पिनांच्या एक्सएलआरचंही हेच. पिन १ जाळी, पिन २ सरळ, पिन ३ उलट.

आता इंटरफेसच्या मागे बघा. आउटपुट बॅलन्स्ड आहेत, मॉनिटरचे इनपुट बॅलन्स्ड आहेत आणि मध्ये मात्र गिटारची केबल. एवढी चांगली सोय दोन्ही टोकांना असून मधल्या केबलमुळे वाया जाते. ही चूक मला इतक्या ठिकाणी दिसते की दुकानदारांनी मॉनिटरसोबत योग्य केबल सुचवायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. टीआरएस ते टीआरएस किंवा टीआरएस ते एक्सएलआर मेल केबल घ्या. मॉनिटरला आरसीएचं (जुन्या टीव्ही-डीव्हीडीला असायचं तसलं, अनबॅलन्स्ड) भोक असेल आणि सोबत बॅलन्स्ड इनपुटही असेल, तर आरसीए वापरू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात हव्या त्या लांबीची केबल सोल्डर करून मिळते. जरूर तेवढीच लांबी घ्या.

तुमच्या यंत्राचं आउटपुट मुळातच अनबॅलन्स्ड असेल, जुना कीबोर्ड किंवा मिक्सर असेल, तरीही दोन वायरींची केबल बनवून घेता येते. आतली एक वायर जॅकच्या टोकाला आणि दुसरी जॅकच्या बुडाला सोल्डर करायची. जाळीही त्या बुडालाच. मॉनिटरच्या बाजूला पहिली वायर पिन २ वर, दुसरी पिन ३ वर, जाळी पिन १ वर. घूंचा करंट जाळीतून वाहतो, पण सिग्नलचा परतीचा संदर्भ वेगळ्या वायरीतून मिळतो, त्यामुळे घूं पुष्कळ कमी होते.

बॅलन्स्ड केबल लावूनही घूं राहिली असं क्वचित होतं. तेव्हा दोष यंत्राच्या आतल्या मांडणीत असू शकतो. जाळी पेटीच्या धातूला जोडण्याऐवजी सर्किटच्या ग्राउंडला जोडली की जाळीतला करंट आत जाऊन सिग्नल बिघडवतो. ऑडिओ अभियंते नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा दोष सविस्तर मांडला आणि तेव्हापासून तो पिन वन प्रॉब्लेम म्हणून ओळखला जातो. पुढे २००५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने जाळी पेटीलाच जोडावी असं मानक काढलं. असं यंत्र हाती असेल, तर मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घाला. त्यात सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंची अर्थ वेगळी राहते. अगदी स्वस्त आयसोलेटर खर्जाचा आवाज खातात, म्हणून तबल्याचा डग्गा लावून ऐका आणि मगच पैसे द्या.

लॅपटॉप आणि इंटरफेस यांच्यामधली अर्थची वाट तोडणारा यूएसबीचा आयसोलेटरही मिळतो, पण विकत घेण्याआधी त्याचा वेग बघा. बाजारात सहज मिळणारे बहुतेक १२ मेगाबिटचे असतात. आजचे बरेच इंटरफेस ४८० मेगाबिटचा वेग मागतात. त्यांच्यासोबत ते एकतर चालतच नाहीत किंवा आवाज तुटतो. घाईत रेकॉर्डिंग करायचं असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा, तेवढं पुरेसं आहे.

हात लावल्यावर घूं कमी होते का?

लॅपटॉपच्या धातूच्या भागाला किंवा गिटारच्या तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल, तर दुखणं उलट आहे. वेढा नाही, अर्थच नाही. टू-पिन चार्जरच्या आत विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो. त्यातून फार थोडा करंट झिरपतो. त्याला जायला अर्थ मिळाली नाही की लॅपटॉपची बॉडी तरंगत राहते, हात फिरवला की झिणझिण्या येतात आणि स्पीकरमध्ये झर्र असा आवाज येतो. चार्जरला थ्री-पिन केबल मिळत असेल तर ती लावा.

जुन्या घरांत आणि वाड्यांत सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेचं असतं. मल्टिमीटरने तपासताना फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये पंचवीस-पन्नास व्होल्ट दिसले, तर अर्थ तुटलेली आहे किंवा नाहीच. याचं मोजमाप जमत नसेल तर वायरमनला बोलवा, पण एक गोष्ट स्पष्ट सांगा: सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या भोकाला जोडून द्यायची नाही. काही जण वेळ वाचवायला तसं करतात. पुढे कधी न्यूट्रल तुटली, तर प्रत्येक थ्री-पिन यंत्राच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या. हा खर्च स्टुडिओच्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त मोलाचा आहे.

पंखा, दिवे, इन्व्हर्टर

जुन्या फिरत्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखा मंद ठेवला की गिटारच्या पिकअपमध्ये झर्र शिरते, कारण तो विजेची लाट मध्येच कापतो. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की सुटका होते. तोवर रेकॉर्डिंगला पंखा पूर्ण वेगात किंवा बंद. मंद होणारे एलईडी दिवे हेच करतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताच आवाज वाढत असेल, तर तो चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर आहे. स्टुडिओसाठी साइन वेव्हचा हवा.

आवाजच येत नाही, किंवा गायक गायब

घूंपेक्षा वेगळी, पण केबलमुळेच होणारी ही तक्रार रियाझ करणाऱ्यांकडून नेहमी येते. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावलं, फोनच्या ३.५ मिमीच्या जॅकमधून मॉनिटरला एकच टीआरएस केबल जोडली आणि मॉनिटर गप्प. गाणं लावलं तर वाद्यं येतात, गायक खूप लांबून, नुसत्या प्रतिध्वनीसारखा येतो. मॉनिटर बिघडलेला नाही. फोनच्या केबलमध्ये टोकावर डावा आणि मधल्या कडीवर उजवा आवाज असतो. मॉनिटर त्यांना सरळ आणि उलट समजून दोन्हींची वजाबाकी करतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते शून्य होतं, आणि तानपुरा, गायकाचा गळा हे नेमके दोन्हीकडे सारखे असतात. ३.५ मिमी स्टीरिओपासून दोन वेगळ्या मोनो टीएसमध्ये फुटणारी वाय केबल घ्या. डावी डाव्या मॉनिटरला, उजवी उजव्याला.

दोन्ही मॉनिटरमध्ये आवाज आहे, पण खर्ज पातळ आणि गळा मधोमध बसत नाही, असं असेल तर एका केबलच्या पिन २ आणि ३ उलट्या सोल्डर झाल्या आहेत का, ते बघा. मोनो आवाज लावून एका मॉनिटरची केबल बदलली की लगेच कळतं.

मॉनिटर एकटाच घूं करतो तेव्हा

ऑडिओ केबल काढल्यावरही घूं राहिली, तर कान आधी लाकडी पेटीच्या मागच्या बाजूला आणि मग स्पीकरच्या पडद्याजवळ न्या. मागून येणारी घूं ट्रान्सफॉर्मरच्या कंपनाची. ती ध्वनीच्या सिग्नलमध्ये नसते आणि मॉनिटर रबराच्या तुकड्यांवर ठेवल्यावर टेबलाला कमी जाते. पडद्यातून १०० हर्ट्झची घूं येत असेल आणि मॉनिटर काही वर्षं जुना असेल, तर वीजपुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता मोठी. बंद केल्यानंतरही त्यांच्यात धोक्याइतका विद्युतभार राहू शकतो, म्हणून पेटी घरी उघडू नका. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेताना ऑडिओ केबल काढूनही घूं येते आणि बटण शून्यावर असताना तेवढीच राहते, हे दोन्ही सांगा. त्याचा शोध तिथूनच सुरू होतो आणि काम सहसा दोन-चार कपॅसिटर बदलण्यात उरकतं.